घरात दुसरा पोपट आणताना: मुंबईच्या फ्लॅटमधली ओळखपरेड

'एकटा पडतो बिचारा, त्याला जोडीदार आणू या.' दुसरा पोपट घरात येतो तो बहुतेक वेळा या एका वाक्यावर. पोपट थव्यात राहणारा पक्षी आहे, त्यामुळे वाक्य चुकीचं नाही. पण लहानपणापासून माणसाच्या हातून भरवलेल्या, खांद्यावर बसून वाढलेल्या कॉकटेलला (डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या परदेशी पोपटाला) घरातली माणसंच आपला थवा वाटतात. त्याला नव्या पक्ष्याचा आनंद होईलच असं नाही. कधी दोघं आठवड्याभरात एकमेकांची डोकी खाजवायला लागतात, कधी वर्ष झालं तरी एका खोलीत बसण्यापलीकडे गोष्ट जात नाही. म्हणून पैसे मोजण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: दोन पिंजरे कायमचे ठेवायला घरात जागा आहे का? उत्तर 'नाही' असेल तर दुसरा पक्षी आणू नका. एकाच पिंजऱ्यात दोघांना घालायचं या हिशेबाने आणलेला पक्षी बहुधा परत विकला तरी जातो, नाही तर जखमी तरी होतो.

कोणता पक्षी

हिरवा, लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला आपला मिठू आणायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार देशी पोपट पकडणं, विकणं, पाळणं हा गुन्हा आहे, मग तो कुणी 'घरी जन्मलेला' म्हणून विको किंवा 'पंख तुटलेला सापडला' म्हणून देवो. करण पोपट आणि तुईया पोपटाचंही तेच.

बजी (बजरिगार हा चिमुकला रंगीत पोपट), कॉकटेल आणि पीच-फेस लव्हबर्ड हे परदेशी पक्षी चालतात, त्यांना नोंदणीचीही भानगड नाही. कोन्युर (अमेरिका खंडातले लांब शेपटीचे पोपट), फिशर्स लव्हबर्ड, आफ्रिकन ग्रे वगैरे मात्र साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातल्या यादीत येतात. कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांनुसार असा पक्षी घरी आल्यापासून ३० दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवावा लागतो. विकणाऱ्याकडून बिल आणि त्याच्या नोंदणीचा कागद मागा. कागद द्यायला तो कां-कूं करत असेल तर तिथूनच मागे फिरा.

जोडी शक्यतो एकाच जातीची असावी. बाजारात बजीलाही सर्रास लव्हबर्ड म्हणतात, त्यामुळे नाव ऐकून पक्षी घेऊ नका, बघून घ्या. खरा लव्हबर्ड आखूड शेपटीचा, जाड चोचीचा असतो आणि भांडताना समोरच्याचा पाय धरतो. बजीचं बोट एका चाव्यात तुटतं. त्यामुळे लव्हबर्ड आणि बजी, लव्हबर्ड आणि कॉकटेल, कोन्युर आणि बजी या जोड्या एका खोलीत, वेगवेगळ्या पिंजऱ्यांत राहू शकतात, पण एकत्र मोकळ्या सोडायच्या नाहीत. कॉकटेल आणि बजी त्यातल्या त्यात जमतात. तिथेही गंमत अशी की दादागिरी करतो तो ३५ ग्रॅमचा बजी, आणि मागे सरकतो तो ९० ग्रॅमचा कॉकटेल. ग्रे आणि कॉकटेल यांच्या पिसांतून सतत पांढरी भुकटी उडते. ती कोन्युरच्या श्वासाला त्रास देऊ शकते, लहान बंद खोलीत तर जास्तच.

नर की मादी हेही आधी ठरवा. दोन नर बजी बहुधा गुण्यागोविंदाने राहतात. दोन माद्या जागेवरून भांडतात, आणि बजीच्या माद्यांचं भांडण जीवावर बेततं. मोठ्या झालेल्या साध्या रंगाच्या बजीत ओळख सोपी आहे: चोचीच्या वरची, नाकपुड्यांभोवतीची मऊ पट्टी नराची निळी असते, मादीची तपकिरी किंवा मळकट पांढरी. पिवळ्याधमक, पांढऱ्याशुभ्र आणि काही ठिपकेदार बजीत हा नियम लागू पडत नाही, नराची पट्टीसुद्धा गुलाबी-जांभळी राहते. लव्हबर्ड आणि कोन्युरमध्ये नुसतं बघून काहीच कळत नाही, पिसांवरून डीएनए तपासणी करून घ्यावी लागते.

वय बघताना 'हँडफीड चिक' म्हणून अजून चमच्याने भरवावं लागणारं पिल्लू स्वस्तात मिळतंय म्हणून उचलू नका. भरवताना घास श्वासनलिकेत गेला की पिल्लू जातं. स्वतःच्या चोचीने दाणे फोडून खाणारा, विकणाऱ्याकडे किमान दोन-तीन आठवडे तसाच खात असलेला पक्षी घ्या.

घेताना काय बघायचं

क्रॉफर्ड मार्केट असो, कुर्ला असो किंवा घरगुती ब्रीडर, तपासणी तीच. एका पिंजऱ्यात वीस-तीस पक्षी कोंबलेले असतील तर त्यातला सगळ्यात तरतरीत पक्षीसुद्धा शेजाऱ्याचा आजार घेऊन येऊ शकतो. दुकानासमोर दहा मिनिटं नुसते उभे राहा. माणूस जवळ आला की आजारी पक्षी उसनं अवसान आणतो, दहा मिनिटांत ते उतरतं. पिसं फुगवून डोळे मिटणारा, श्वासाबरोबर शेपूट वरखाली करणारा, नाकपुड्यांभोवती चिकटा किंवा शेपटीखाली विष्ठा माखलेला पक्षी नको. छातीचं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं टोकदार लागलं तर तो उपाशी किंवा आजारी आहे. बजीच्या चोचीवर, पायांवर स्पंजासारखा खडबडीत पांढरा थर असेल तर ती खरजेची कीड आहे. उपचाराने जाते, पण घरच्या पक्ष्यालाही लागते.

दयेपोटी आजारी पक्षी आणण्याचा मोह घरात आधीच एक पक्षी असताना आवरायचा.

मुंबईत मुहूर्त बघायचा तर दिवाळीचे फटाके संपल्यावर, नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की दाण्यांना बुरशी लागते, पिंजऱ्यातला कागद ओला राहतो, आणि प्रवासाने थकलेल्या पक्ष्याच्या फुप्फुसात बुरशी बसायला तेवढं पुरतं. गणपतीतले ढोल आणि दिवाळीतल्या माळा नव्या पक्ष्याच्या पहिल्या पंधरवड्यात नकोत.

पहिले ४५ दिवस: वेगळी खोली

लोक गाळतात ती हीच पायरी, आणि सगळ्यात महागात पडते तीही हीच. नवा पक्षी आणला, पिंजरे शेजारी ठेवले, पंधरा दिवसांत जुना पक्षी गेला, ही तक्रार पक्ष्यांच्या डॉक्टरांना नवी नाही. पोपटताप म्हणजे सिटॅकोसिस हा जिवाणूंचा आजार असलेला पक्षी वरून अगदी धडधाकट दिसू शकतो, आणि नव्या घराच्या ताणाने आजार उसळी मारतो. तो माणसालाही लागतो: ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला, पुढे न्यूमोनिया. पीबीएफडी हा पिसं आणि चोच बिघडवणारा विषाणूजन्य रोग विष्ठेतून आणि पिसांच्या धुळीतून पसरतो आणि त्यावर औषध नाही. म्हणून किमान ३० दिवस, जमलं तर ४५ दिवस, नवा पक्षी वेगळ्या हवेत ठेवायचा. एकाच हॉलच्या दोन टोकांना ठेवलेल्या पिंजऱ्यांना विलगीकरण म्हणत नाहीत.

वन बीएचकेत हे कसं करायचं? सगळ्यात उत्तम म्हणजे पक्षी नसलेल्या नातेवाइकाच्या किंवा मित्राच्या घरी महिनाभर ठेवणं. ते जमत नसेल तर बेडरूम नव्या पक्ष्याला द्यायची, दार लावलेलं ठेवायचं आणि खालच्या फटीत जुना टॉवेल सारायचा. खिडकी दिवसा उघडी, तिला बारीक जाळी. बंद बेडरूममध्ये रात्री मच्छर अगरबत्ती किंवा लिक्विडचं मशीन लावायचं नाही. माणसाला न जाणवणारा धूर पक्ष्याला पुरेसा होतो. मच्छरदाणी वापरा. कपाटातल्या डांबरगोळ्याही काढा.

बाथरूम ओलसर, आणि तिथे फिनेल. स्वयंपाकघरात गॅस आणि नॉनस्टिक तवा. रिकामा तवा जास्त तापला की त्याच्या थरातून निघणारी वाफ पक्ष्याला मिनिटांत मारते, माणसाला वासही येत नाही. बाल्कनीतल्या बॉक्स ग्रिलमध्ये कबुतरांची घाण, कावळ्यांच्या चोची, रात्री उंदीर. या तिन्ही जागा बाद.

रोजचा क्रम ठरलेला ठेवा. आधी जुन्या पक्ष्याचं दाणापाणी आणि साफसफाई, मग नव्याचं. नव्याकडे जाताना अंगावर एक जुना शर्ट चढवायचा आणि बाहेर येताना तो तिथेच काढून ठेवायचा. हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. वाट्या, घासणी, झाडण्याचा ब्रश, सगळं वेगळं. वाट्या स्टीलच्या घ्या म्हणजे उकळत्या पाण्यातून काढता येतात. पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये साधं वर्तमानपत्र घाला आणि रोज बदला. भुसा घातला तर विष्ठा दिसत नाही आणि आजार कळत नाही.

विष्ठा रोज बघायची. चांगल्या विष्ठेत तीन भाग दिसतात: हिरवी किंवा तपकिरी वळी, तिच्यावर खडूसारखा पांढरा भाग आणि भोवती थोडं पाणी. पांढरा भाग पिवळा किंवा पोपटी हिरवा झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. विष्ठेत न पचलेले अख्खे दाणे दिसले तरीही.

दुसरी सवय वजनाची. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल काटा, त्यावर एक छोटी दांडी. सकाळी खाण्याआधी दोन्ही पक्ष्यांचं वजन घ्यायचं आणि वहीत लिहायचं. काटा एकच असेल तर आधी जुना, मग नवा, मग काटा पुसायचा. बजी साधारण ३० ते ४० ग्रॅम, कॉकटेल ८० ते १००, ग्रीन-चीक कोन्युर ६० ते ८०. आकड्यापेक्षा घसरण महत्त्वाची. ९० ग्रॅमचा कॉकटेल ८१ वर आला म्हणजे दहा टक्के गेले, आता थांबायचं नाही. पिसांच्या फुगाऱ्यात ही घट डोळ्यांना दिसत नाही.

पहिल्या आठवड्यातच पक्षी डॉक्टरला दाखवा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत. परळच्या बाई साकरबाई पेटिट जनावरांच्या रुग्णालयात किंवा जवळच्या व्हेटकडे जाण्याआधी, पक्ष्यांचं काम करणारे डॉक्टर कोणत्या वेळेला असतात ते फोन करून विचारा. विष्ठेची तपासणी आणि सिटॅकोसिस, पीबीएफडी यांची पीसीआर चाचणी करून घ्या. जाताना आदल्या रात्रीचा ट्रेमधला कागद तसाच घडी करून न्या, त्याचा उपयोग होतो.

याच काळात नव्या पक्ष्याला हातावर यायला शिकवा. पुढे दोघांना वेगळं करायची वेळ आली तर 'ये' म्हटल्यावर बोटावर येणारा पक्षी लागतो. खोलीभर पाठलाग करून पकडावा लागणारा पक्षी दोघांनाही बिथरवतो.

नजरानजर

पंचेचाळीस दिवस झाले, तपासण्या स्वच्छ आल्या, आता नव्याचा पिंजरा हॉलमध्ये आणा. जुन्या पिंजऱ्यापासून आठ-दहा फूट लांब, आणि उंचीने जुन्याच्या बरोबरीचा किंवा इंच-दोन इंच खाली. वरचा पक्षी खालच्यावर रुबाब करतो, तेव्हा निदान सुरुवातीला तो मान जुन्याचा असू द्या. जुना पिंजरा त्याच्या जागेवरून हलवायचा नाही, नव्यासाठी सोय म्हणून तर अजिबात नाही. सकाळी आधी जुन्याचं झाकण उघडायचं, आधी त्याच्याशी बोलायचं, त्याला आधी मिरची द्यायची, मग नव्याकडे वळायचं. पाहुण्याच्या कौतुकात घरचा पक्षी मागे पडला की तो पिसं उपटायला लागतो किंवा त्याच माणसाला चावतो ज्याच्या खांद्यावर इतके दिवस बसत होता.

रोज किंवा एक दिवसाआड पिंजरा फूटभर जवळ आणा. जुना पक्षी खातोय, चोच घासतोय, एका पायावर झोपतोय म्हणजे पुढे सरका. तो खाणं सोडून नव्याकडे टक लावून बसला, पिंजऱ्याच्या त्याच कोपऱ्यात फेऱ्या घालायला लागला, तर कालच्या अंतरावर परत जा. घाई केली की इथेच फसतं. शेवटी दोन पिंजऱ्यांत सहा इंच तरी अंतर राहू द्या. गजांना लागून ठेवले तर एकाने गज धरला की दुसरा त्याची बोटं पकडतो.

कॉकटेलचा तुरा वाचायला शिका. ताठ उभा म्हणजे दचकलाय. अर्धवट मागे झुकलेला आणि टोक थोडं वर वळलेलं म्हणजे निवांत आहे. डोक्याला पूर्ण चिकटलेला तुरा, उघडी चोच आणि सापासारखा फुत्कार म्हणजे आता जवळ जाऊ नका. कोन्युरच्या डोळ्याची बाहुली झरझर लहानमोठी होते, मानेवरची पिसं उभी राहतात आणि पक्षी पुढे झुकतो, तेव्हा चावा पुढच्या क्षणाला येणार असतो.

पिंजऱ्याबाहेरची पहिली भेट

जागा दोघांनाही परकी हवी. जुन्याचा पिंजरा, त्याचं छप्पर, त्याची खिडकीची कड, त्याची खुर्ची, हे सगळं त्याच्या मालकीचं आहे. बेडरूम नव्याची झालेली असते, तीही नको. हॉलमध्येच जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून त्यावर दोन दांड्या, तीन-चार फुटांवर दोन वाट्या, हे चालतं. पंखा बंद आणि रेग्युलेटरवर चिकटपट्टी, कारण घाबरलेला पक्षी सरळ वर उडतो. खिडक्या बंद, आरशावर टॉवेल, देवघरातला दिवा आणि उदबत्ती विझलेली, मुलं आणि कुत्रा आत. एकाचे पंख कापलेले आणि दुसऱ्याचे शाबूत असतील तर भेट पुढे ढकला. कापलेल्याला पळता येत नाही आणि ते त्याला कळतं.

वेळ दुपारच्या खाण्याआधीची निवडा, दोघं थोडे भुकेले असतात. दोन्ही वाट्यांत एकच आवडता खाऊ: मिलेट स्प्रे म्हणून मिळणारं राळ्याचं कणीस, कोवळ्या मक्याचे दाणे, शेवग्याचा पाला. एका कणसावर दोघांना बसवायची घाई नको. दोन माणसं लागतात, एकेका पक्ष्यामागे एक.

पहिली भेट दहा मिनिटांची. काही झालं नाही, दोघं आपापल्या वाटीत खात राहिले, एकमेकांकडे पाठ करून पिसं साफ केली, तर ती यशस्वी भेट. प्रेमाची अपेक्षा धरू नका. पुढच्या दिवसांत पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, वाट्यांमधलं अंतर हळूहळू कमी.

चोचीवर चोच टेकवून टकटक केली, एकाने दुसऱ्याची जागा घेतली आणि दुसरा सरकला, थोडा आवाज केला, यात मध्ये पडायचं नाही. त्यांना आपापली पायरी ठरवू द्या. पण एकजण दुसऱ्याच्या पायावर चोच मारतोय, उडून गेलेल्याच्या मागे तिसऱ्यांदा उडतोय, त्याला वाटीजवळ फिरकू देत नाही, तर भेट संपली. भिडलेल्या पक्ष्यांमध्ये हात घालायचा नाही, चावा तुमच्या बोटाला बसेल आणि सवयही लागेल. दोघांच्या मध्ये जाड पुठ्ठा किंवा उशी सरकवा, नाही तर वरून पातळ टॉवेल टाका. मग दोन-तीन दिवस नुसती नजरानजर, आणि पुन्हा पहिल्यापासून.

नख किंवा चोचीचं टोक फुटून रक्त आलं तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबून धरा. अंगावरच्या जखमेवर पावडर नाही, स्वच्छ कापसाच्या कापडाने दाब द्या आणि निघा. ३५ ग्रॅमच्या पक्ष्याला थोडं रक्त जाणंही जड असतं.

सगळं छान चाललेलं असताना अचानक भांडणं सुरू झाली तर आधी घरट्यासारखं काही शोधा. मडकं, नारळाची करवंटी, कापडी झोपडी, सोफ्याखालची अंधारी फट, कपाटाचा अर्धा उघडा ड्रॉवर. अशी जागा दिसली की पक्षी, विशेषतः मादी, तिचा ताबा घेते. काढून टाका. रात्री दहा-बारा तास अंधार द्या. हॉलमधला टीव्ही बारापर्यंत चालू असेल तर पिंजऱ्यावर जाडसर सुती कापड हवं. अपुऱ्या झोपेचा पक्षी चिडका होतो आणि विणीच्या मूडमध्येही लवकर येतो.

एका पिंजऱ्यात कधी

एकमेकांपुढे मान खाली घालून डोकं खाजवून घेणं, शेजारी टेकून झोपणं, एका वाटीत खाणं, हे सगळं दोनेक महिने सलग दिसलं तरच. तेव्हाही जुन्याच्या पिंजऱ्यात नव्याला ढकलायचं नाही. दोघांसाठी नवा, मोठा पिंजरा आणा. कॉकटेलच्या जोडीला किमान ३० इंच रुंद, बजीच्या आणि लव्हबर्डच्या गजांत अंतर अर्ध्या इंचाहून जास्त नको. रुंदी उंचीपेक्षा महत्त्वाची, पक्षी आडवे उडतात. स्वस्त पिंजऱ्यांच्या जस्ताचा मुलामा दिलेल्या तारांवर पांढरी भुकटी असते, ती पोटात गेली तर विषबाधा होते. व्हिनेगर आणि ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवूनच वापरा. आत दोन दाण्याच्या वाट्या, दोन पाण्याच्या, दोन समुद्रफेस, सगळं दोन टोकांना. वरची दांडी एकच ठेवली तर तिच्यावरून रोज भांडण, म्हणून एका उंचीवर दोन.

जुने दोन्ही पिंजरे मोडीत काढू नका. विणीच्या दिवसांत, आजारपणात, किंवा एकाचं वजन घसरायला लागलं तर त्याच दिवशी लागतात. वजनाची वही चालूच ठेवायची: वाटी रिकामी दिसते, पण खाल्लं कुणी ते काटाच सांगतो.

आणि शेजाऱ्यांचं. दोन पक्षी एकमेकांना हाका मारतात, सूर्योदयाला आणि संध्याकाळी सर्वांत जास्त. बजी-कॉकटेलचा आवाज भिंतीपलीकडे फारसा जात नाही. सन कोन्युरची जोडी मात्र अख्ख्या मजल्याला उठवते, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो. पिंजरे सामाईक भिंतीला लावू नका, सकाळी सातपर्यंत कापड काढू नका.

दोघांना पहिल्यांदा एका पिंजऱ्यात ठेवून घराबाहेर जायचं असेल तर सुट्टीचा दिवस निवडा, खाली भाजी घेऊन अर्ध्या तासात परत या, आणि आल्याबरोबर आधी दोघांच्या पायांची बोटं बघा.